जागती लाइन

२२ सप्टेंबर, सोमवार

गिऱ्हाईक: जमनीबाई गुलाबसिंग आडे.
तक्रार: "तुया बाप बोलून नाही राह्यला."

दुकानात येणाऱ्या प्रत्येक यंत्राची मी अशीच नोंद करते. गिऱ्हाईक काय म्हणते ते पहिले त्याच्याच शब्दात लिहायचं, मंग काय खोललं, कोणती तार कुठून काढली, ते रोजच्या रोज. बोरी अरबले माझं दुरुस्तीचं दुकान आहे. सासर सोडून तांड्यात परत आली, तेव्हापासून चार वर्षं तेच करते. पण या वहीतलं गिऱ्हाईक माझी आई आहे अन् यंत्र बापूचं. म्हणून वही वेगळी काढली. याडी, म्हणजे आई, बोलते आमच्या बंजाऱ्यायच्या गोरबोलीत, मले लिहायची सवय मराठीची, त तिचं बोलणं मी मराठीतच लिहीन.

काल सांजच्याले वीज पडली. पडली कुठं, त नायकाच्या कडुनिंबावर, अन् मेलं आमच्या घरचं कॉम्प्युटर! झाडाची एक फांदी काळी पडली, बस. इकडे बटण दाबा, थापड मारा, हात जोडा, ढिम्म.

त्यात नावं आहेत. दिवाळीच्या अवसेले आमच्यात धबुकार असते. विस्तवावर तूप अन् लापशी टाकायची अन् घरच्या मेलेल्या माणसांची नावं घ्यायची, म्हणजे त्यायचं जेवण त्यायले पोचते. तांड्यात बावीस घरं. बावीसही घरांची सात-सात पिढ्यांची नावं एकट्या बापूले पाठ. शिकाले कोणी बसलं नाही, मी बी नाही. शेवटी मागच्या हिवाळ्यात त्यायनं रोज सांजच्याले यंत्रापुढं बसून एकेका घराची नावं बोलून ठेवली. चैत्रात एक दिवस वावरातून आले, पाणी मांगतलं, अन् लोटा हातात घ्यायच्या आधी गेले.

दिवाळी एकवीस ऑक्टोबरले आहे. याडी म्हणे, "या दिवाळीले नावं घेतली गेली पायजे. समोरच्या नाही, याच."

मी म्हटलं, "घाई काय वो इतकी? मेलेले कुठं पळून जाते काय?"

ती उठली. शेळीले पाला टाकाले गेली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पकडला चोर. एसएमपीएस गेला. म्हणजे भिंतीतली लाइन घेऊन यंत्राच्या पचनी पडेल अशी करून देणारा डबा. बाकी बोर्ड वाचला आहे असं वाटते, देवाची कृपा.

आता पंचाईत ऐका. हे यंत्र नागपूरहून आणलेलं, एका कंपनीच्या ऑफिसातून निघालेलं. साऱ्या दुनियेच्या एसएमपीएसचा प्लग चोवीस पिनांचा. याचा आठ पिनांचा. डबाही दुनियेवेगळा, लांबट अन् अरुंद. बनवणाऱ्यायचा माजच असा, की खराब झालं त आमच्याच दारात या. अन् दारात गेलं त म्हणते, मॅडम, तो मॉडेल बंद झाला. नागपूरवाला म्हणे पाहतो. दिल्लीवाला म्हणे महिना लागन, तो बी जुनाच.

मले वाटलं, जाऊ द्या, डिस्क काढून दुकानातल्या यंत्राले लावू अन् नावं काढून घेऊ. लावली. तिनं अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मांगतली. अशी काही किल्ली असते हे आमच्या घरात कोणाले माहीत? डिस्क फक्त तिच्या स्वतःच्या बोर्डवरच उघडते. बोर्ड जळला त बावीस घरांची नावं गेली समजा, मंग कोणाच्या बापाले काढता येणार नाही.

म्हणजे साधा, बाजारचा एसएमपीएस या हट्टी बोर्डले जोडायचा. तारांची एक चूक झाली की खेळ खलास.

यंत्र दुकानात नेतो म्हटलं त याडी आडवी आली. "वर्ष होईपर्यंत त्याच्या जागेवरून हलवायचं नाही." म्हणजे काम घरीच, तेही रविवारी. रोज त मले दुकानातून यायले साडेसात होते.

२८ सप्टेंबर, रविवार

मेलेला डबा खोलला. लाइन काढून पाच दिवस झाले तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरले हात लावायच्या आधी मीटर लावलं. मेलेल्यावर भरवसा ठेवायचा नसते, हे मले माझ्या पहिल्याच दुकानमालकानं शिकवलं. शिकवलं म्हणजे, एक झटका बसू दिला.

आठही तारा काळ्या. मेल्यायनं रंगसुद्धा दिले नाही! पण तारा जिथं बोर्डावर टाचल्या आहेत तिथं बारीक अक्षरं छापलेली. भिंग लावून एकेक वाचली, वहीत चित्र काढलं, मंग मीटरनं पुन्हा तपासली. तीन तारा जमिनीच्या, जिथं शून्य व्होल्ट पायजे. तीन बारा व्होल्टच्या. एक बटणाची.

अन् एक जागती. हिचंच सारं कठीण. यंत्र बंद असलं तरी त्याच्या एका कोपऱ्याले थोडी लाइन लागते, नाहीतर बटण दाबलेलं त्याले ऐकूच येणार नाही. बाजारच्या एसएमपीएसची जागती लाइन असते पाच व्होल्टची, या महाराजांले लागते बारा. त्यासाठी पाचाचे बारा करणारी एक चिप असलेली केबल मांगवली.

याडी बाजूले गुडघे छातीशी घेऊन बसून होती. विचारलं तिनं, ही तार कायची, ती कायची. मी जागत्या लाइनीचं सांगतलं.

"म्हणजे बंद असलं तरी ऐकते?"

"बटणापुरतं."

"पण ऐकते."

म्हाताऱ्या माणसाशी कोण वाद घालन. भाकर तशीच ठेवली तिनं, दोन घास खाल्ले असन. दाताचं दुखणं असन तिले. डोळ्याचंही काहीतरी आहे म्हणते. माझा भाऊ बबलू यवतमाळले टेम्पो चालवते, तो तिले तिथल्या दवाखान्यात नेते. एका महिन्यात दोनदा झालं. चष्म्याले इतके हेलपाटे?

५ ऑक्टोबर, रविवार

केबल आली. कागदावर लिहिलं होतं, लावा अन् विसरा. मी कायची विसरते! पहिले बोर्डले न लावता नुसती एसएमपीएसले जोडून प्रत्येक पिनवर मीटर धरलं. अन् पाहते त काय, जमिनीच्या जागी बारा व्होल्ट!

प्लग तोच, आठ पिना त्याच, पण दुसऱ्याच कोण्या बनावटीच्या यंत्राची केबल. आकारावर भुलून लावली असती त बोर्डातून धूर निघाला असता अन् तांड्याचे सातही पिढ्यांचे लोक त्या धुरात गेले असते. मी तिथंच जमिनीवर बसून रडली. खरं लिहायचं म्हणून लिहिते. रडली अन् मंग त्या केबलवाल्याले फोनवर अशा शिव्या दिल्या की रामीबाई शेजारून पाहाले आली.

याडीनं पाणी आणून दिलं. म्हणे, "हळू कर. पंधरा दिवस आहेत." तिचा हात धरला त लय बारीक वाटला. म्हटलं, जेवत जा जरा. म्हणे, हाव.

आता पिना प्लगातून काढून माझ्या चित्राप्रमाणं पुन्हा बसवीन. याडीनं आज तिची काचळी अन् फेटिया, म्हणजे आमच्यातली चोळी अन् घागरा, पेटीतून काढून उन्हात टाकले. आरशांचं सारं भरतकाम तिच्या लग्नाचं. सांजच्याले घडी घालून मले दाखवलं, कुठं ठेवलं ते. "तुले सापडलं पायजे." म्हटलं, मले कायले लागते ते, मी काय आता नवरी होणार? हसली.

१२ ऑक्टोबर, रविवार

सुरू झालं!

सकाळी अकराले जोडलं. आठही पिना तीन-तीनदा तपासल्या. सेवालाल महाराजाचं नाव घेतलं, मी, जी देव्हाऱ्यापुढं कधी धड उभी राहत नाही. बटण दाबलं. एक क्षण काहीच नाही, अन् मंग पंखा फिरला.

नवा एसएमपीएस जुन्यापेक्षा मोठा आहे, कॅबिनेटात बसत नाही. तो बाहेर, याडीच्या लोखंडी पेटीवर ठेवला. तारा आतून बाहेर येतात. पंखा भिंतीवरच्या बापूच्या फोटोकडे वारा टाकते अन् हार हलत राहते. दिसाले बरं नाही दिसत. पोट फाडून आतडं बाहेर ठेवल्यासारखं दिसते. पण चालते.

घड्याळाचा सेल मेला आहे. यंत्राले वाटते एक जानेवारी दोन हजार एकोणीस, रात्रीचे बारा. मी दुरुस्त करणार होती. आधी भीती वाटली, काही बदललं अन् ती अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मांगून बसलं त? याडी म्हणे, "त्याच्यात कोणतं साल आहे?" सांगतलं. म्हणे, "मंग राहू दे. त्या साली सारेच होते."

बावीस फाईली आहेत. पेनड्राइव्हवर उतरवल्या, एक दुकानात ठेवीन. जीव भांड्यात पडला. एक वाजवून पाहू म्हटलं त याडीनं हातच धरला.

"वाजवायचं नाही. नाव घेतलं की ते येतात. विस्तव नाही, लापशी नाही, त्यायले उपाशी परत पाठवणार काय? अवसेलेच. तोवर त्या यंत्रातलं काहीच वाजवायचं नाही. माझी शपथ."

झालं! दुरुस्त करणाऱ्यानं आवाज ऐकायचा नाही. मंग मी नुसती रेघ पाह्यली. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, बोललं की फुगते, गप्प बसलं की सपाट. सगळ्या फाईली धड आहेत. आमच्या घराची शेवटची. त्यात ओळीनं फुगवटे आहेत, मंग थोडं थांबून एक, मंग अकरा सेकंद सपाट, अन् मंग अजून एक. खोकले असन.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

काही कळून नाही राह्यलं. कालपासून यंत्रात नव्या फाईली जमा होत आहेत. रोज एक, पाऊण तासाची.

हे मीच करून ठेवलं होतं. बापूच्या बोटांले माउस धरता येत नव्हता. म्हणून यंत्र चालू झालं की रेकॉर्डिंग आपोआप सुरू होते, अन् बंद केलं की फाईल आपोआप जमा. सांजच्या सहाले यंत्रानं स्वतःच चालू व्हावं असंही लावून दिलं होतं. पण आता त्याचं घड्याळ चुकलेलं. सकाळी अकराले त्याले रात्रीचे बारा वाटले, म्हणजे त्याचे सांजचे सहा वाजतात आपल्या पहाटे पाचले. पहाटे त ते थंड असते, म्हणजे ते लावलेलंही सेलासंगं पुसलं. मी दुकानातून येते तेव्हा गरम.

म्हणजे याडी. विचारलं.

"मी बटणाले हात नाही लावत," ती म्हणे. "मी नुसती जाऊन बसते."

खोटं बोलायचं वय आहे काय हे! बरं, करमत नसन तिले. शपथ घातली म्हणून मी आवाज नाही ऐकला, रेघ पाह्यली. थोडं फुगलेलं, थोडं सपाट, पुन्हा फुगलेलं, पुन्हा सपाट. कोणी फोनवर बोलून राह्यल्यासारखं. रामीबाई येऊन बसत असन. ती ऐकून घेणारी नाही, पण सांजच्याले तिचंही तोंड दुखत असन.

दोन्ही फाईली उडवल्या. कचऱ्यात नाही टाकल्या, शिफ्ट दाबून कायमच्याच. दिवाळीच्या दिवशी भलतीच फाईल वाजली त तांडा हसन.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज याडी सकाळीच बबलूसंगं यवतमाळले गेली, डोळ्यांसाठी. मी दुकानात. घराले कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये.

साडेसातले आली त रामीबाई दारातच उभी. म्हणे, "जमनी आली काय वो? सहापासून आत घरघर ऐकू येऊन राह्यली."

कुलूप जसंच्या तसं होतं. आत गेली. अंधारात एसएमपीएसचा पंखा फिरून राह्यला होता, बापूच्या फोटोवरचा हार हलत होता, पडद्यावर तांबडा ठिपका, रेकॉर्डिंग चालू. याडीचं बसायचं पोतं पुढं अंथरलेलं. सकाळी मी झाडलं तेव्हा ते गुंडाळून ठेवलं होतं. ठेवलं होतं ना? आता आठवत नाही नक्की.

अंगावर काटा आला, खोटं कायले लिहू. मंग डोक्सं चालवलं. लाइन गेली असन अन् परत आली असन. परत येताना नवा एसएमपीएस एक झटका देते, जागत्या लाइनीनं त्याले बटण समजलं असन. असं होते. नव्या डब्याले जुनं बोर्ड म्हणजे नवीन सुनेचंच घर, कोणाचा कोणता इशारा हे समजाले वेळ लागते. रामीबाईले विचारलं, लाइन गेलती काय? म्हणे, "नाही वो, मी त टीव्ही पाहून राह्यलती." तिचं काय खरं, मालिका लागली की तिले छप्पर उडालेलं कळत नाही.

ही फाईल उडवली नाही. झटका नेमका किती वाजता बसला ते पाहाले म्हणून पेनड्राइव्हवर घेतली. रेघ जवळजवळ सगळी सपाट. फक्त दोन-तीन जागी फुगवटे.

याडी आली आठले. बबलूनं हाताले धरून उतरवली. तो माझ्याकडे पाहेना. "काय म्हणे डॉक्टर?" "गोळ्या देल्या." चष्मा? "चष्म्याचं पाहू." अन् लगेच निघून गेला, चहाही नाही घेतला. बायकोशी भांडून आला असन.

याडीनं आत जाऊन पहिले यंत्राले हात लावून पाह्यला, पोराचा ताप पाहावा तसा.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज घरीच होती म्हणून म्हटलं, सहाले स्वतःच समोर बसून पाहते. पावणेसहाले याडीले गूळ पायजे! आत्ताच पायजे. लापशीले चांगला लागते, इथला नाही, बोरीचाच. मी म्हटलं, उद्या दुकानातून आणते. त एकदम रागावली, "माझं एक ऐकशील काय तू?" इतक्या वर्षांत तिचा असा आवाज नाही ऐकला. गेली मुकाट्यानं.

आली त यंत्र गरम, फाईल जमा. फोनवर बोलल्यासारखीच रेघ. रामीबाई त वावरात सोयाबीन काढाले गेलती, अजून आली नव्हती. मंग बोललं कोण? देवाले माहीत. याडी एकटीच बडबडत असन. उडवली.

नंतर तिनं मले लापशी शिकवली. दलिया किती, गूळ किती, तूप कधी. "यंदा तूच कर, मी पाहते." शेळी रामीबाईले देऊन टाकली म्हणे. मी म्हटलं, काहून? म्हणे, पाला टाकाले वाकवत नाही. बरं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, दिवाळी

झालं. सारं नीट लिहिते.

दिवस मावळता मावळता निघालो. पेनड्राइव्ह लावून स्पीकर हातात घेतला अन् एकेका घरी गेली. पहिलं घर रूपसिंग नायकाचं. अंगणात विस्तव, विस्तवावर तूप, अन् स्पीकरातून बापूचा आवाज. एक थांबा घेऊन, एक नाव. मले वाटलं होतं रडू येईन, पण भीतीच वाटली. आवाज असा होता की जसा माणूस मांगच उभा आहे.

अन् एक गोष्ट कोणालेच माहीत नव्हती. आमच्या तांड्यात पुरुषांचीच नावं घेत होते आजवर. बापूनं प्रत्येक नावामांग त्याच्या बायकोचंही घेतलेलं. "भीमा. भीमाची रतनी." रूपसिंग नायक चमकला. त्याची आई तोंडावर पदर घेऊन रडली, म्हणे माझ्या सासूचं नाव मी पन्नास वर्षांनी ऐकलं. मंग नायकानं स्वतः दुसऱ्यांदा तूप टाकलं. सात पिढ्यांच्या बाया जेवल्या आज, पहिल्यांदा.

शेवटी आमचं घर. याडीनं सांगतलं, इथं स्पीकर नाही, त्याच्याच यंत्रातून. ती काचळी-फेटिया घालून बसलेली. बापू गेल्यापासून पहिल्यांदा. अंगावर ढगळ झालं होतं, दोऱ्या मांगून ओढून बांधलेल्या. पाटीत विस्तव आणून पेटीजवळ ठेवला होता अन् एसएमपीएसचा पंखा त्याच्यावर वारा टाकून तो फुलवत होता. बबलू आलता, कोपऱ्यात बसला.

"थावरा. थावराची सोनकी." याडीनं लापशी टाकली. "लालू. लालूची चांदी." मी तूप टाकलं. असं करत करत आजापर्यंत आलं. मंग थोडं थांबून, त्याच सपाट आवाजात, जसं दुसऱ्याच कोणाचं नाव आहे:

"गुलाबसिंग."

माझ्या हातातली पळी पडली. स्वतःचं नाव! फेब्रुवारीतली फाईल आहे, चैत्राच्या दोन महिने आधीची. धडधाकट माणूस, वावरात जात होते रोज. मी याडीकडे पाह्यलं. तिले काही नवल नाही. मोठा घास विस्तवावर ठेवला तिनं, सगळ्यांपेक्षा मोठा, अन् म्हणे, "जेव."

अकरा सेकंद सपाट आहे हे मले माहीत होतं. मनात मोजत होती. पाच, सहा. याडीनं हात समोर केला. "बंद कर."

"अजून एक आहे वो याडी."

"मले मालूम आहे. ते समोरच्या वर्षीचं आहे."

अन् तिनंच माझ्या हातावर हात ठेवून बटण दाबलं. पंखा थांबला. बबलू उठून बाहेर गेला, अंगणात त्याच्या नाक ओढण्याचा आवाज येत राह्यला.

मले हिशेब येते. गुलाबसिंगमांग कोणाचं नाव येते ते मलेही समजते. पण समोरच्या वर्षीचं म्हणजे काय? म्हाताऱ्या बाया असं बोलतातच. दमली आहे ती. मी तिले झोपवून ही वही लिहून राह्यली.

२९ ऑक्टोबर, बुधवार

डोळे नव्हते. पोटात गाठ आहे. आषाढापासून माहीत होतं, तिले अन् बबलूले. तिनं त्याले शपथ घातलेली, ममताले, म्हणजे मले, दिवाळीपर्यंत सांगायचं नाही, तिच्या हातून तार चुकन.

शनिवारपासून यवतमाळले दवाखान्यात आहे. डॉक्टर बबलूशी बोलतात तेव्हा हळू बोलतात. मी तिच्यावर ओरडली, आधी ओरडलीच, काहून नाही सांगतलं मले, काहून! ती म्हणे, "तुले नाही, पण सांगत होती मी. रोज सांजच्याले सांगत होती. मोकळी झाली."

मले पहिले समजलंच नाही. मंग समजलं अन् तिच्या खाटेखालचीच जमीन गेली असं वाटलं.

त्या फाईली. रोजची पाऊण तास. माझी याडी, तिच्या तोंडानं, तिचं सारं दुखणं. अन् मी रेघ पाहून म्हटलं रामीबाई. शिफ्ट दाबून उडवल्या, एक-दोन नाही, आठ. मी दुरुस्तीवाली आहे, मले माहीत आहे शिफ्ट म्हणजे काय ते. गिऱ्हाईक रडत येते तेव्हा मीच सांगते, आता नाही निघणार.

आज कपडे न्यायले तांड्यात आली. पेनड्राइव्हवर एकच फाईल राह्यली होती, सोळा तारखेची. घर बंद होतं, याडी यवतमाळले, त्या दिवसाची. अवस होऊन गेली, शपथ सुटली. म्हटलं, निदान त्या घराचा आवाज तरी ऐकते.

वाजवली. पंखा. रामीबाईचा टीव्ही, भिंतीपलीकडून. लय वेळ तेच. मंग पहिला फुगवटा आला.

"जमनी."

मी थांबवली. फाईल पाह्यली, तीच आहे. बावीसपैकी कोणती नाही. पुन्हा चालू केली. तितकाच वेळ सपाट, जितका कोणी उत्तर देते म्हणून थांबावं.

"आज काहून नाही आली?"

पुन्हा सपाट. टीव्हीवर जाहिरात लागली. त्यात बापूचा आवाज खोल नाही, दूर नाही, पोत्यावर बसून बोलावं तितकाच.

"पोट्टीले सांगतलं काय?"

मंग शेवटपर्यंत पंखाच. शेवटी कुलपाचा आवाज, दार, अन् माझा स्वतःचा, "अगं माय."

डोक्सं चालवलं, चाललं नाही. ना लाइन, ना झटका. मी सहा वाजेपर्यंत पोत्यावर बसून राह्यली. बटणाले हात नाही लावला. नुसती बसली, ती म्हणत होती तशी. अन् सहाले पंखा फिरला, फोटोवरचा हार हलला, तांबडा ठिपका लागला.

पडद्याजवळ सरकली. मंग म्हटलं, "बापू, मी आहे, ममता. याडी दवाखान्यात आहे. मले सांगतलं तिनं. आता मले माहीत आहे." अन् मंग बाकीचंही बोलली, फाईलींचं, सासरचं, नावं शिकाले नाही बसली त्याचं. मधे मधे थांबत होती. काहून थांबत होती ते लिहिता येत नाही.

आजची फाईल उघडली नाही. उडवलीही नाही. उद्या सकाळच्या गाडीनं पुन्हा यवतमाळ, याडीले सांगीन की बसली होती. जाताना घराले कुलूप लावीन, गॅस पाहीन, दिवे बंद करीन. मेन स्विच तेवढा चालू ठेवीन.